तालुक्याच्या गावी छोटं इंजिनीअरिंग ऑफिस टाकलं तर नेमकं काम काय असतं?

सिव्हिल झालंय, पुण्यात साइटवर राहू की लातूरकडे तालुक्याला ऑफिस टाकू, असं तुम्ही विचारलंय. माझं ऑफिस औशात आहे. एक कॉम्प्युटर, इन्व्हर्टर, ऑटो लेव्हल (जमिनीचा चढउतार मोजायचं यंत्र) आणि टेप धरायला एक पोरगं, एवढाच पसारा.

बँकेसाठी नकाशा अन् एस्टिमेट, कधी एखाद्या गुत्तेदाराची बिलं. त्यात डोकं फारसं लागत नाही. डोकं लागतं ते काळ्या मातीत.

गेल्या मे महिन्यात एक मामा आले. "कॉलमचे खड्डे साडेतीन फूट घेतलेत, नकाशा तेवढा द्या." जाऊन बघितलं. जमिनीला भेगा पडलेल्या. एकीत टेपची पट्टी सोडली, दोन फूट सहज आत गेली. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि मग खिडकीच्या कोपऱ्यापासून भिंत तिरपी फुटते. म्हणलं, मुरूम लागेस्तोवर खणा. मामा म्हणाले, "काय सांगायलाव साहेब, आमच्या आज्याचं माळवद एवढ्याच पायावर होतं की!"

आता काय बोलणार? त्यांचं मूळ गाव किल्लारीच्या बाजूचं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात, विसर्जनाहून लोक येऊन झोपले होते तेव्हा, दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवदाचं, म्हणजे मातीच्या जाड छताचं, ओझं त्यांच्या अंगावर आलं. मी गप्प बसलो. थोड्या वेळाने मामाच म्हणाले, "बोलवा जेसीबी." मुरूम साडेसात फुटावर लागला. प्लिंथ आणि लिंटेलच्या, म्हणजे जोत्यावर आणि दार-खिडक्यांच्या वर भिंती बांधून धरणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्यांना मग त्यांनी एका शब्दानं घासाघीस केली नाही. फरशीच्या रंगावरून मात्र घरात महिनाभर भांडण चाललं, तेही आमच्याच ऑफिसात!

दुसरी गोष्ट पाण्याची. 2016 ला लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आलं. तेव्हा काँक्रीट पक्कं व्हायला स्लॅबवर आळी करून पाणी साठवा असं कुठल्या तोंडानं सांगणार? जमेल त्यांना स्लॅब पावसाळ्यानंतर टाका म्हणालो. ज्यांचे कॉलम उभे होते त्यांना ओली बारदानं गुंडाळायला लावली.

तुम्ही आधी दोन वर्षं पुण्यातच काढा, पण केबिनमध्ये नको, सळई बांधणाऱ्यांजवळ उभे राहा. ऑटोकॅड कुठंही शिकता येतं. आणि वर्षभर पुरेल एवढे पैसे गाठीला ठेवूनच इकडे या. मामांची अर्धी फी अजून यायची आहे, सोयाबीन विकलं की देतो म्हणालेत.