पाच मायक्रॉन जमतात, मग बंदूक का नाही?

प्रश्न : सर, कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं वडिलांपासूनचं मशीन शॉप आहे, व्हीएमसी, सीएनसी लेथ अशी कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं सगळी आहेत, टू-व्हीलर आणि पंपाचे पार्ट करतो. हल्ली ऑटोच्या ऑर्डरचा काही भरवसा राहिला नाही आणि रेट तर दरवर्षी खालीच. मेहुणा म्हणतोय डिफेन्समध्ये उतर, परदेशात साध्या मशीन शॉपवाल्यांनी बंदुका करायला घेतल्या नि कुठल्या कुठं गेले. पाच मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतकं बारीक काम आम्ही आरामात काढतो, मग बंदुकीत असं वेगळं काय आहे? जमंल का आपल्याला?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मेहुणे म्हणतात ते खरंच आहे, फक्त गोष्ट अर्धी सांगतायत. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण जर्मनीतलं, ब्लॅक फॉरेस्टजवळचं ओबर्नडॉर्फ नावाचं छोटं गाव. तिथं 1811 पासून राजाचा बंदुकांचा कारखाना होता, पुढं तोच माउझर कंपनीचा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंचांनी तो मोडून मशिनरी उचलून नेली, बंदुका बनवायला बंदी आली, आणि गावातली हुशार माणसं रिकामी बसली. त्यातल्या तिघांनी, हेक्लर, कोख आणि सायडल, 1949 मध्ये कंपनी काढली आणि मशीन टूल, शिलाई मशीनचे नि सायकलचे पार्ट असली कामं घेतली, म्हणजे बघा, तुमच्यासारखंच जॉबवर्क. मग जर्मनीचं नवं सैन्य उभं राहिलं, त्याला रायफल हवी होती, आणि 1959 पर्यंत या शॉपची जी-3 रायफल सैन्यात गेली. आपल्या एनएसजी कमांडोंच्या हातात फोटोत दिसते ती एमपी-5 सबमशीन गन पण यांचीच. त्याच गावात माउझरच्याच अजून दोघांनी फाइनवेर्कबाऊ काढली, ते आधी बारीक प्रिसिजन कामं करत होते आणि साठच्या दशकात मॅच एअर रायफलमध्ये, म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेच्या हवेच्या रायफलीत आले. त्यांच्या जुन्या रायफलीत गोळी सुटताना अख्खी ॲक्शन, म्हणजे गोळी सोडणारी यंत्रणा, रेल्सवर जराशी मागं सरकते, त्यामुळं खांद्याला झटका जाणवत नाही. कोल्हापूरला नेमबाजीचं वेगळं सांगायला नको, कुठल्याही रेंजवर हे नाव ओळखणारं कुणीतरी भेटेलच.

आता यातली मेख अशी की ही मंडळी मशीन शॉपवाली नव्हतीच हो! ती बंदूकवालीच होती, नाइलाजानं काही वर्षं शिलाई मशीनचे पार्ट करत होती. जी-3 चं मूळ डिझाइनसुद्धा स्पेनला गेलेल्या एका माउझरच्याच इंजिनिअरचं. ज्ञान आधीपासून डोक्यात होतं, गिऱ्हाईक नंतर आलं.

ज्यांच्या डोक्यात ते नव्हतं त्यांचं काय झालं तेही बघा. युद्धात अमेरिकेनं ज्याच्या त्याच्या शॉपला हत्यारांच्या कामाला लावलं, आयबीएमनं कार्बाइन (आखूड रायफली) केल्या, ज्यूकबॉक्स बनवणाऱ्या रॉक-ओलानं केल्या, शिलाई मशीनवाल्या सिंगरनं फक्त 500 पिस्तुलं केली आणि मग दुसऱ्या कामाला लागली. टाइपरायटरवाल्या रेमिंग्टन रँडला तेच पिस्तूल मिळालं, आणि 1943 मध्ये त्यांचं प्रॉडक्शन थांबवावं लागलं कारण एका पिस्तुलाचा पार्ट दुसऱ्यात बसेना. टाइपरायटरवाले म्हणजे काही ढिसाळ लोक नव्हेत! पुढं त्यांनी घडी बसवली आणि साडेआठ लाखांच्या वर पिस्तुलं दिली, पण तेव्हा ड्रॉइंग सरकारचं, इन्स्पेक्टर सरकारचा आणि माल उचलणारंही सरकारच.

तुमच्या पाच मायक्रॉनचं म्हणाल तर गंमत आहे. .308 मापाच्या रायफलमध्ये काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, नीट बसतंय का हे दोन गेजनी बघतात, एकावर बोल्ट (मागून चेंबर बंद करणारा दांडा) बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये, आणि त्या दोन गेजमधला फरक साधारण 0.1 मिलिमीटर असतो. तुमच्या दृष्टीनं एवढं म्हणजे मोकळं मैदान! पण ते चुकलं तर काडतुसाची पितळी केस फाटते आणि तेव्हा माणसाचा गाल तिथून वीतभर अंतरावर असतो. पंपाचा पार्ट चुकला तर डेबिट नोट येते, इथं ते भागत नाही. बॅरलचं, म्हणजे नळीचंही तसंच, गन ड्रिलनं लांब भोक तुम्ही माराल, रीमिंग करून ते गुळगुळीतही कराल, पण गोळीला फिरकी देणारे आतले आटे दाबून काढल्यावर मटेरियलमध्ये स्ट्रेस राहतो, तो हीट ट्रीटमेंटनं नीट काढला नसेल आणि वरून टर्निंग करून बॅरल निमुळती केली की आतलं भोक तोंडाशी हलकंसं उघडतं. बाहेरून व्हर्नियर लावा नाहीतर सीएमएम या मोजमापाच्या मशीनवर ठेवा, दिसणार नाही. हवेच्या दाबानं भोक मोजणारा एअर गेज लागतो, आणि रीडिंग बघून कुठं काय बिघडलं हे सांगणारा म्हातारा लागतो, तो माणूस कुठल्या कॅटलॉगमध्ये मिळत नाही.

आता कायदा, हा भाग मेहुण्यांना वाचून दाखवा. आपल्या 1959 च्या शस्त्र कायद्यात बंदूक म्हणजे फक्त अख्खी बंदूक नाही, तिचे पार्ट आणि ती बनवायची मशिनरीसुद्धा त्या व्याख्येत येते. बनवायलाच नाही तर दुरुस्तीला आणि टेस्टिंगलाही लायसन्स लागतं. विनालायसन्स काम केलं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. त्यामुळं कुणी सॅम्पल पीस घेऊन आला, ड्रॉइंगवर कंपनीचं नाव नाही, पैसे रोख देतो म्हणाला, तर चहा पाजून वाटेला लावा. ‘आम्हाला काय माहीत ते कशाचं होतं’ हे पोलीस स्टेशनात कुणी ऐकून घेत नाही.

आणि समजा लायसन्स मिळालं, तरी विकणार कुणाला? आपल्याकडं साध्या लायसन्सधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. अमेरिकेत एखादा चांगला लेथवाला नेमबाजांच्या बॅरल बसवून देऊन पोट भरतो, कारण तिथं तेवढं गिऱ्हाईक आहे. इथं खरं गिऱ्हाईक म्हणजे सैन्य, पोलीस नाहीतर एक्स्पोर्ट, आणि तिथं ट्रायल होऊन ऑर्डर हातात पडेपर्यंत वर्षं जातात, तोवर बँकेचा हप्ता काही थांबत नाही. बंगळुरूच्या एसएसएस डिफेन्सनं हे करून दाखवलंय, ते मूळचे गाड्यांच्या स्प्रिंग बनवणारे, आता .338 मापाच्या स्नायपर रायफली करतात, पण त्यांच्या मागं स्प्रिंगचा मोठा धंदा उभा होता, तुमच्यामागं कोण आहे?

म्हणून मला विचाराल तर अख्ख्या बंदुकीचा नाद सध्या सोडा. लायसन्सवाल्या कंपनीचं व्हेंडर रजिस्ट्रेशन करा, फिक्स्चर (पार्ट पकडून ठेवायची साधनं), गेज, टेस्ट स्टँड अशी कामं मागा, आणि प्रत्यक्ष पार्टचं काम आलं तर त्या पार्टला तुमच्याकडं स्वतंत्र लायसन्स लागतं का हे त्यांच्याकडून लेखी घ्या, वकिलालाही दाखवा. रेंजवर जाऊन टार्गेट स्टँड, रायफल ठेवायचे स्टँड असलं काय लागतं ते विचारा, ऑर्डर छोट्या असतील पण रेट स्वतः ठरवता येतो. आणि ऑटोचं काम अजिबात सोडू नका.

प्रश्न : रॉयल एनफिल्डच्या बुलेट गाडीवर पूर्वी तोफेचं चित्र आणि ‘मेड लाइक अ गन’ असायचं. कंपनी खरंच बंदुका बनवायची का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अख्ख्या बंदुका नाही, पार्ट. इंग्लंडमधल्या रेडिच गावची ही कंपनी, मूळचा धंदा सुया बनवायचा, मग सायकली आल्या, आणि एनफिल्डच्या सरकारी रायफल कारखान्याचं पार्टचं कंत्राट मिळालं. त्या खुशीत सायकलीला एनफिल्ड नाव दिलं, 1893 मध्ये पुढं रॉयल लागलं, तोफ आणि ते वाक्यही त्यातूनच आलं. मोटरसायकल नंतरची, 1901 ची. वरच्या कोल्हापूरकरांनी हेही वाचावं, रायफलचे पार्ट केले पण नाव झालं ते गाडीवर.