अमेरिकेत चांगली वकिली सोडून लोक न्यायाधीशपदाच्या निवडणुकीला का उभे राहतात?

प्रश्न असा होता: अमेरिकेत म्हणे जिल्हा न्यायाधीशही मतं मागून निवडून येतात. ही माणसं कुठून आलेली असतात, आणि त्यांना या भानगडीत पडायचं कारण काय?

मी टेक्सासात राहते, ह्यूस्टनला खेटून असलेल्या फोर्ट बेंड काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा). हिशेबनिसाचं काम करते. कायद्याशी संबंध म्हणाल तर मतदार म्हणून, आणि एकदा ज्युरीसाठी बोलावणं आलं होतं तेवढाच. म्हणजे हे उत्तर वकिलाचं नाही, मत देणारीचं आहे.

पहिल्यांदा मतदानाला गेले तेव्हा मला वाटलं होतं, गव्हर्नर, खासदार, फार तर महापौर, पाच मिनिटांत बाहेर. मतपत्रिका संपेचना. राज्याचं सर्वोच्च न्यायालय, मग फौजदारीचं वेगळं सर्वोच्च न्यायालय (टेक्सासात दोन आहेत, प्रत्येकात नऊ न्यायाधीश), मग अपील न्यायालय, मग अमुक नंबरचं जिल्हा न्यायालय, तमुक नंबरचं जिल्हा न्यायालय. प्रत्येकापुढे दोन नावं आणि पक्ष. एकही नाव ओळखीचं नाही. मतदान केंद्रात मोबाइल वापरता येत नाही, त्यामुळे तिथल्या तिथे शोधायची सोय नाही. तेव्हापासून मी आदल्या रात्री घरी बसून चिठ्ठी लिहिते आणि ती घेऊन जाते. किराणा आणायला निघाल्यासारखी.

आपल्याकडे दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व्हायचं तर एमपीएससीची परीक्षा, मुलाखत, मग प्रशिक्षण. इथे केंद्र सरकारच्या न्यायालयातले न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि सिनेट मान्यता देते. पण राज्याच्या न्यायालयांत जागोजागी वेगळा कायदा. सगळे न्यायाधीश लोकांनी निवडायचे हे आधी मिसिसिपीनं 1832 साली सुरू केलं. टेक्सासची आजची पद्धत 1876च्या राज्यघटनेतली. राजानं किंवा गव्हर्नरानं आपली माणसं खुर्चीत बसवू नयेत, हा त्यामागचा विचार. तो विचार चुकीचा नव्हता असं मला अजून वाटतं, पुढे काय झालं ते सोडा.

आता पार्श्वभूमी. आमच्याच काउंटीतलं उदाहरण देते, कारण ते मला पाठ आहे. सुरेंद्रन के. पट्टेल. आडनाव वाचून मला आधी गुजराती वाटले होते. निघाले केरळच्या कासरगोडचे. वडील रोजंदारीवर. मोठी बहीण आणि हे लहानपणी रात्री विड्या वळायचे. दहावीनंतर शाळा सुटली, विडी कारखान्यातच काम. नंतर पुन्हा कॉलेज गाठलं, पण कामापायी हजेरी भरेना, परीक्षेलाच बसू देत नव्हते. शिक्षकांच्या हातापाया पडून परवानगी मिळवली आणि वर्गात पहिले आले. मग कालिकतच्या सरकारी लॉ कॉलेजात प्रवेश, तिथे खर्च भागवायला हॉटेलात झाडलोट. 1995 साली वकील झाले, होसदुर्गला वकिली केली, मग दिल्लीला. बायको नर्स. तिला अमेरिकेत नोकरी मिळाली म्हणून 2007 साली ह्यूस्टनला आले आणि सुरुवातीला चक्क किराणा दुकानात काम केलं. टेक्सासची वकिलीची परीक्षा दिली, ह्यूस्टन विद्यापीठातून 2011 साली एलएलएम केलं, 2017 साली नागरिक झाले. 2020 साली न्यायाधीशपदासाठी उभे राहिले आणि पडले. 2022 साली पुन्हा उभे राहिले. आधी प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) स्वतःच्याच पक्षाच्या खुर्चीवर बसलेल्या न्यायाधीशाला हरवलं, नोव्हेंबरात दुसऱ्या पक्षाच्या उमेदवाराला. 1 जानेवारी 2023 रोजी 240व्या जिल्हा न्यायालयात शपथ घेतली. प्रचारात त्यांच्या इंग्रजी उच्चारांवरून टिंगल झाली, हे त्यांनीच मुलाखतींत सांगितलंय.

माझं आजोळ सिन्नरचं, त्यामुळे 'विड्या वळायचे' हे दोन शब्दांत संपत नाही. भिजवलेली टेंभुर्णीची पानं, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कात्रीनं पान मापात कापायचं, चिमूट भरायची, वळायचं, टोक नखानं दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजारावर. शेजारची काकू बोलता बोलता वळायची आणि हातांकडे बघायचीसुद्धा नाही. तंबाखूचा वास त्या घरातल्या पोरांच्या दप्तरालाही यायचा. त्या वासातून उठून कुणी टेक्सासात काळा झगा घालून बसलाय हे वाचल्यावर मी आईला फोन केला होता. ती म्हणाली, "त्याची बहीण काय करते आता?" मला सांगता आलं नाही.

पण माझा खरा मुद्दा पुढे आहे. हे सगळं मला माहीत का आहे? आमच्या आमदाराच्या बालपणाबद्दल मला काडीचं ठाऊक नाही. कारण आमदार सांगतो, मी कर कमी करीन, रस्ता करीन. न्यायाधीशाच्या उमेदवाराला ती सोयच नाही. इथल्या न्यायिक आचारसंहितेनुसार, अमुक प्रकारच्या खटल्यात मी अमुक निकाल देईन असं वचन देता येत नाही. बरोबरच आहे, आधीच निकाल ठरवून आलेल्या माणसापुढे उभं कोण राहणार? मग त्यानं विकायचं काय? स्वतःचं आयुष्य. म्हणून कुणी विडी कारखाना सांगतो, कुणी लष्करातली वर्षं, कुणी सरकारी वकील म्हणून चालवलेले खटले. एकूण काय, तुम्ही विचारलेली 'पार्श्वभूमी' हाच तिथे जाहीरनामा असतो.

आणि कारणं? पैसा असेल असं वाटलं होतं, तर तसं नाही. 2022 साली जिल्हा न्यायाधीशाचा राज्याकडून मिळणारा मूळ पगार वर्षाला 1,40,000 डॉलर होता, वर काउंटीची थोडी भर. ह्यूस्टनच्या बड्या फर्ममध्ये नुकतीच पास झालेली पोरंही तेव्हा दोन लाखांवर घेत होती. अर्थात, एकट्यानं छोटं ऑफिस चालवणाऱ्या वकिलाला दर महिन्याला ठरलेला पगार आणि निवृत्तिवेतन ही काही छोटी गोष्ट नाही, आणि ते कारण पत्रकावर कुणी छापत नाही. मान हे दुसरं. आणि काहींना खरोखर त्या खुर्चीवरच्या माणसाचा वैताग आलेला असतो. वर्षानुवर्षं त्याच्यासमोर उभं राहून वाटायला लागतं, हे मी याच्यापेक्षा बरं केलं असतं.

या पद्धतीत मला खुपतं ते वेगळंच. प्रचाराला पैसे देतात कोण? बहुतेक वकीलच. तेच उद्या त्या न्यायाधीशापुढे उभे राहतात. 1995च्या कायद्यानं देणगीला मर्यादा घातल्यात, पण मर्यादेतला का होईना, तो पैसा वकिलाच्याच खिशातला. दुसरं, पक्ष. मी ज्युरीसाठी गेले होते तेव्हाचे न्यायाधीश मला आवडले होते. साठ-सत्तर माणसांना, त्यांतल्या निम्म्यांना घरी पळायची घाई, त्यांनी न चिडता संशयाचा फायदा म्हणजे काय ते समजावलं. पुढच्या निवडणुकीत ते पडले. त्यांनी काही केलं म्हणून नाही, वरच्या जागांवर त्यांच्या पक्षाची हवा गेली म्हणून. 2018 साली तर टेक्सासभर इतके न्यायाधीश असे वाहून गेले की राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती नेथन हेक्ट विधिमंडळापुढे म्हणाले, सातशे वर्षांचा अनुभव एका फटक्यात गेला. गंमत म्हणजे त्याच साली शेजारच्या हॅरिस काउंटीत 17 कृष्णवर्णीय महिला न्यायाधीश एकदम निवडून आल्या. लाट दोन्ही करते. एक बटण दाबून सगळं मत एकाच पक्षाला द्यायची सोय 2020 पासून बंद झाली आहे, पण पक्षाचं नाव छापलेलं असतंच, आणि चिठ्ठी न लिहिणारे ते बघूनच मत देतात.

(नावांवरून घोळ नको म्हणून: इथला 'काउंटी जज' हा मुख्यतः काउंटीचा कारभारी, आपल्या जिल्हा परिषद अध्यक्षासारखा. त्याला कायद्याची पदवी लागत नाही. आणि 'जस्टिस ऑफ द पीस' म्हणून एक असतो, तो घरं खाली करायचे दावे, 20,000 डॉलरपर्यंतची देणीघेणी बघतो आणि लग्नंही लावतो. त्यालाही पदवीची अट नाही. जिल्हा न्यायाधीशाला मात्र वकिलीचा अनुभव लागतो. आधी चार वर्षं पुरायची, 2021 साली घटनादुरुस्ती करून आठ केली.)

कारणांचं मी पुस्तकी बोलले, पण एका उमेदवाराला मी हे तोंडावर विचारलंय. निवडणूक नोव्हेंबरात, म्हणजे प्रचार ऐन गणपतीत. आमच्या गणपतीला एक वकील आला होता, उमेदवार. नवा कुर्ता, घड्या तशाच दिसत होत्या. आरतीला टाळ्या अर्धा ताल मागे. मोदक मात्र तीन खाल्ले. मी विचारलं, "तुम्हाला हे कशाला हवंय?" मला वाटलं आता सेवा, न्याय, समाज सुरू होणार. तो म्हणाला, "नऊची तारीख असते. जज साडेदहाला येतात. माझ्या अशिलाचा त्या दिवसाचा पगार बुडालेला असतो, आणि दोन मिनिटांत पुढची तारीख मिळते. मी नऊ वाजता येईन." मी म्हटलं, बस्स, एवढंच? तर म्हणाला, "याच्यापेक्षा जास्त वचन द्यायची मला परवानगी नाही."

त्याचं नाव चिठ्ठीत लिहिलं. निवडून आला. नऊ वाजता येतो की नाही ते अजून बघितलेलं नाही. ज्युरीचं बोलावणं पुन्हा आलं की कळेल.