नकार हसण्यावारी नेला, तरी बरे का वाटत नाही?

"नकाराचे पत्र आले की मी ते हसण्यावारी नेते. सगळे म्हणतात, असेच घ्यायला हवे. मग रात्री तेच पत्र डोक्यात का घोळत राहते?" नोकरी शोधणारी आणि लेखन करणारी माणसे हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर घेऊन येतात. विनोद हे दुःखावरचे औषध आहे, असे आपण नेहमीच ऐकतो. त्यामुळे औषध घेऊनही गुण येत नसेल, तर खोट आपल्यातच असावी, अशी आणखी एक बोचणी मूळच्या दुःखाला जोडली जाते. या प्रश्नाचे उत्तर मी एका अनुभवाच्या आधारे देत आहे. संबंधित व्यक्तीची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काही वर्षांच्या खंडानंतर पुन्हा नोकरीच्या शोधात असलेल्या एक बाई माझ्याकडे आल्या. हिशेबनीस म्हणून त्यांचा अनुभव चांगला होता, आणि खंडाच्या काळात त्या कथा लिहून मासिकांकडे पाठवू लागल्या होत्या. त्यामुळे एकीकडे कंपन्यांचे नकार आणि दुसरीकडे 'साभार परत' अशा दोन्ही आघाड्यांवर त्या झुंजत होत्या. आलेले प्रत्येक पत्र त्या घरच्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवत आणि शेवटी स्वतःची एक टिप्पणी जोडत. "चला, आणखी एका कंपनीचे नशीब बलवत्तर निघाले." "संपादकांनी माझी कथा पूर्ण वाचलेली दिसत नाही. सही अगदी शुद्धीवर असल्यासारखी आहे." घरचे मनापासून हसत, त्यांच्या खेळकर स्वभावाचे कौतुक करीत, आणि नकाराचा यांच्यावर काहीच परिणाम होत नाही, असे समजून निर्धास्त होत. प्रत्यक्षात बाईंची झोप उडाली होती आणि नवा अर्ज भरताना त्यांचा हात अडत होता.

त्यांनी पत्रांची फाइल सोबत आणली होती. माझ्यासमोरही त्यांनी तसेच वाचन केले, आणि प्रत्येक टिप्पणीनंतर मी हसतो की नाही, हे त्या क्षणभर पाहत होत्या. विनोद खरोखर चांगले होते. चार पत्रे वाचून झाल्यावर मी एवढेच विचारले, "या चारही ठिकाणी हसे कोणाचे झाले?" त्यांनी पुन्हा एकदा पाने उलटली आणि म्हणाल्या, "माझेच." पत्रात जो नकार होता, तो कोणीतरी त्यांच्या एका अर्जाला किंवा एका कथेला दिलेला होता. त्यावर केलेल्या विनोदाने मात्र त्या स्वतः, घरच्यांच्या साक्षीने, त्यांच्या सगळ्या कर्तृत्वालाच नकार देत होत्या. आणि लोक हसले की त्या निकालावर शिक्कामोर्तब होत होते. रात्री आठवत होते ते पत्रापेक्षाही हे शिक्कामोर्तब, असे माझे मत आहे.

विनोदाचे सगळे प्रकार मनावर सारखाच परिणाम करीत नाहीत, हे मानसशास्त्रात बऱ्यापैकी अभ्यासले गेले आहे. कॅनडातील संशोधक रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार शैली मोजणारी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. माणसे जोडणारा विनोद, अडचणीत स्वतःला सावरणारा विनोद, दुसऱ्याला टोचणारा विनोद आणि इतरांना हसवण्यासाठी स्वतःला खाली पाडणारा विनोद, अशा त्या चार शैली होत. सावरणाऱ्या विनोदाचा संबंध स्वतःविषयीच्या आदराशी आणि समाधानाशी आढळला, तर स्वतःला खाली पाडणाऱ्या विनोदाचा संबंध चिंता आणि नैराश्याशी आढळला. असा संबंध आढळला म्हणून एक गोष्ट दुसरीचे कारण ठरते, असे नाही. तरीही दोन प्रकारच्या हसण्यांत फरक करायला हवा, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते. बाहेरून दोन्ही हसणी सारखीच ऐकू येतात, म्हणूनच घरच्यांची फसगत होते.

बाईंचा पुढचा प्रश्न रास्त होता: "मग आता गंभीर होऊन बसू का?" माझे म्हणणे उलट होते. हसावे आणि भरपूर हसावे, पण आधी ते पत्र नीट वाचावे. मी त्यांना एक पेन्सिल दिली आणि प्रत्येक पत्रातील ज्या वाक्यात त्यांच्याविषयी किंवा त्यांच्या लेखनाविषयी काही खरी माहिती आहे, तेवढ्याच वाक्याखाली रेघ मारायला सांगितली. हिशेब तपासणाऱ्या माणसाला असे काम आवडते. त्या एकाग्र झाल्या, आणि थोड्याच वेळात त्यांच्या लक्षात आले की पत्रांमागून पत्रे एकही रेघ न पडता बाजूला पडत आहेत.

मग त्या पत्रांतील खरी गंमत दिसू लागली. 'आपल्या अर्जाचा सर्व अंगांनी काळजीपूर्वक विचार केल्यानंतर' असे सुरू होणारे एक पत्र अर्ज पाठवल्यानंतर काही मिनिटांतच, तेही मध्यरात्रीच्या सुमारास आलेले होते. दुसऱ्या पत्राचा मायना 'प्रिय उमेदवाराचे नाव' असा होता. साच्यातील रिकामी जागा भरायची राहून गेली होती. या पत्रावर त्या याआधी घरात हसल्या होत्या, पण "माझे नाव लिहिण्याइतकीसुद्धा माझी किंमत नाही" अशा अर्थाने. आता त्यांना पहिल्यांदाच दिसले की हे पत्र लिहिताना त्यांचा विचार कोणी केलेलाच नव्हता. संगणकाने पाठवलेल्या मजकुराकडून आपली योग्यता जाणून घेण्याचा प्रयत्न आपण इतके दिवस करीत होतो, हे जाणवून त्या हसल्या, आणि या वेळी त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले नाही.

पुढच्या भेटीसाठी मी त्यांना एका पत्रावर संपादक म्हणून अभिप्राय लिहून आणायला सांगितले; अर्थातच तो कोणालाही पाठवायचा नव्हता. त्यांनी लिहिले होते: "आपले पत्र वाचले. भाषा स्वच्छ आहे. तथापि निवेदक 'आम्ही' म्हणजे नेमके कोण, हे शेवटपर्यंत उलगडत नाही. 'भविष्यातील वाटचालीस शुभेच्छा' हा शेवट याआधी अनेक पत्रांत येऊन गेला आहे. 'आपली माहिती पुढील संधीसाठी जतन करून ठेवू' या वाक्याने वाचकाची उत्सुकता चाळवते, पण त्या धाग्याचे पुढे काहीच होत नाही. कृपया पुनर्लेखन करावे." हा विनोद आधीच्या विनोदांइतकाच चुरचुरीत आहे, मात्र यात लिहिणारी व्यक्ती ताठ उभी आहे.

याच सुमारास मी त्यांना एक जुना नकार सांगितला. १९४४ मध्ये कवी टी. एस. एलियट यांनी, ते काम करीत असलेल्या प्रकाशनसंस्थेच्या वतीने, जॉर्ज ऑर्वेल यांची 'अॅनिमल फार्म' ही शेतावरील प्राण्यांच्या बंडाची कादंबरी नाकारली. एलियट यांनी लेखनाची स्तुती केली, पण कथेतील डुकरे इतर प्राण्यांपेक्षा हुशार असल्यामुळे तीच शेत चालवायला सर्वांत योग्य आहेत, आणि खरी गरज अधिक लोकहितदक्ष डुकरांची आहे, असा युक्तिवाद करता येईल, असेही त्यांनी त्या पत्रात म्हटले. १९४५ मध्ये ती कादंबरी दुसऱ्या प्रकाशनाने काढली. थोरामोठ्यांच्या नाकारलेल्या पुस्तकांची यादी ऐकवून लोकांचे समाधान करणे मला एरवी पटत नाही, कारण त्यातून 'तुम्हीही एक दिवस' असे खोटे आश्वासन ध्वनित होते. हे उदाहरण मी वेगळ्या कारणासाठी दिले. एक जाणकार, सभ्य आणि कसून वाचणारा माणूससुद्धा नकार देताना किती विचित्र वाक्य लिहून जातो, हे त्यातून दिसते.

त्यांना अधिक भावले ते योहानेस हाउसहोफर यांचे उदाहरण. तेव्हा अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात शिकवत असलेल्या या प्राध्यापकांनी २०१६ मध्ये स्वतःच्या अपयशांचे परिचयपत्रक जाहीर केले. न मिळालेले प्रवेश, न मिळालेल्या नोकऱ्या, नाकारलेले शोधनिबंध असे सगळे त्यात क्रमवार मांडले होते, आणि आपल्या साऱ्या संशोधनापेक्षा या पत्रकाकडेच लोकांचे जास्त लक्ष गेले, हे त्यांनी शेवटचे अपयश म्हणून नोंदवले होते. निवड समित्यांचेही वाईट दिवस असतात आणि यशापयशात योगायोगाचा वाटा मोठा असतो, असे त्यांनी सुरुवातीलाच लिहिले आहे. बाईंनी हिशेबाच्या तक्त्यात स्वतःचे असेच एक पत्रक तयार केले.

मात्र सगळ्याच पत्रांवर हसायचे नसते, आणि या अनुभवातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते. फाइल चाळताना एका पत्रावर पेन्सिलीची ठळक रेघ पडली. छापील 'साभार परत'च्या खाली संपादकांनी हाताने लिहिले होते: "शेवट घाईत उरकला आहे. शक्य असल्यास पुन्हा लिहून पाठवा." हे पत्र आले, तेव्हा बाईंनी घरात त्यावरही एक फर्मास विनोद केला होता आणि पत्र इतरांबरोबर फाइलला लावून टाकले होते. एका माणसाने वेळ काढून दिलेले आमंत्रण स्वतःवरच्या हसण्याखाली इतके दिवस दबून राहिले होते. त्या दिवशी आम्ही हसलो नाही. कथेच्या शेवटाविषयी बोललो.

काही नकार ताजे असताना हसू येत नाही, आणि ते आणण्याचा खटाटोपही करू नये. अनेक फेऱ्या पार करून शेवटच्या मुलाखतीनंतर आलेला नकार हे सरळ दुःख आहे. त्या संध्याकाळी घरच्यांनी "सोड ग, हसून सोडून दे" म्हणण्यापेक्षा नुसते जवळ बसावे. घरात कोणी सतत स्वतःवर विनोद करीत असेल, तर त्यावर हसण्याआधी "तुला खरेच तसे वाटते का?" असे एकदा विचारावे. बाईंच्या बहिणीने हा प्रश्न विचारला, तेव्हा त्या कितीतरी दिवसांनी घरात रडल्या, आणि त्यानंतरच घरातले वाचनही बदलले. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक बिघडलेली असेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगणे नको वाटत असेल, तर पत्रे बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. जगणे नको वाटत असेल, तर दोन आठवडे थांबूही नये.

बाईंनी कथेचा शेवट पुन्हा लिहिला आणि सोबतच्या पत्रात संपादकांच्या सूचनेचा उल्लेख करून ती पाठवली. आमच्या भेटी थांबल्या, तेव्हा तिचे उत्तर आलेले नव्हते. नोकरीचे नकार मधूनमधून येतच होते. त्यांतील ज्यांत माहिती होती ती वेगळ्या फाइलला लागत होती, आणि उरलेल्यांवर संपादकीय अभिप्राय लिहिण्याचे काम आता त्यांची बहीणही आवडीने करू लागली होती.