पदविकेचे शुल्क पगारातून भरून निघेल का?

प्रश्न: नऊ वर्षे मी लोकांच्या घरी लहान मुले सांभाळण्याचे काम करते. सध्याच्या घरातले धाकटे मूल दीड वर्षाने शाळेत जाईल आणि हे काम संपेल. त्याआधी बालशिक्षणाची एक वर्षाची पदविका करावी असे वाटते. शुल्क चार महिन्यांच्या पगाराइतके आहे, वर्गांसाठी काम निम्म्यावर आणावे लागेल आणि माझी बचत सहा महिन्यांच्या पगाराइतकी आहे. हा खर्च करावा का?

उत्तर: प्रशिक्षणाने तुमचे काम सुधारेल, याबद्दल मला शंका नाही. त्या सुधारणेचे पैसे तुम्हाला कोण देणार आणि केव्हा, एवढेच तपासायचे आहे.

तुमचा महिन्याचा पगार १०० धरू. शुल्काचे ४०० आणि वर्षभर बुडणाऱ्या निम्म्या पगाराचे ६०० मिळून पदविका १,००० ला पडते, आणि तुमची बचत ६०० आहे. म्हणजे उरलेल्यासाठी कर्ज आलेच. पुढे पगार १५ ने वाढला असे मानले तरी ही रक्कम, व्याज सोडून, वसूल व्हायला ६७ महिने लागतील. तोच अभ्यासक्रम काम न सोडता सुट्टीच्या दिवशी केला, तर ४०० ची वसुली २७ महिन्यांत होते.

बालशिक्षणावरचा खर्च कित्येक पटींनी परत येतो, असे तुमच्या वाचनात आले असेल. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९६२ ते १९६७ या काळात चाललेल्या आणि १२३ मुलांचा अभ्यास केलेल्या पेरी प्रीस्कूल प्रकल्पाचा त्यासाठी नेहमी दाखला दिला जातो. परंतु तो परतावा मुलांच्या आणि समाजाच्या पदरात पडलेला आहे, सांभाळणाऱ्यांच्या पगारात नव्हे. याउलट, एमिली वॉर्ड यांनी १८९२ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू केलेल्या नॉर्लंड संस्थेच्या नॅनींना चढा पगार मिळतो, कारण कामावर ठेवणारी कुटुंबे ते नाव ओळखतात. तुम्ही निवडलेल्या संस्थेचे नाव किती कुटुंबांना ठाऊक आहे, हे प्रवेशापूर्वी नॅनी पुरवणाऱ्या दोन-तीन एजन्सींना विचारा.

मुलाखतीत आई बहुधा एवढेच विचारते की बाळाच्या घशात मणी अडकला तर काय कराल. बाळ जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्यायचे. खोकला आणि आवाज बंद पडला, तर एक वर्षाखालच्या बाळाला पालथे धरून पाठीवर पाच थापा, मग उताणे करून छातीवर पाच दाब, आणि त्याच वेळी मदत बोलावायची. हे उत्तर न अडखळता देणारी बाई निवडली जाते, आणि ते एक-दोन दिवसांच्या बालप्रथमोपचार वर्गात शिकता येते. (पदविकेपुढे तो वर्ग फारच स्वस्त असतो, हे संस्था आपणहून सांगत नाहीत.) तो या महिन्यातच करा.

पदविकेचा खरा लाभ वेगळा आहे. ‘आज नीट खेळला’ एवढेच सांगण्याऐवजी ‘ठोकळे रचताना वर-खाली हे शब्द स्वतःहून वापरले’ अशी नोंद लिहिता येऊ लागली, की पगारवाढीची बोलणी करायला हातात काहीतरी असते. शिवाय मूल कडेवर घेऊन दिवस काढणे पन्नाशीनंतर जड जाते, तेव्हा बालवाडीचा मार्ग प्रमाणपत्रामुळे खुला राहतो. मात्र तिथला पगार आताच्या पगाराहून कमी असू शकतो, हे धरून चाला.

त्यामुळे पूर्णवेळ पदविका नको, सुट्टीच्या दिवसांची घ्या. शुल्क हप्त्यांनी भरा, निम्मा भार उचलाल का असे सध्याच्या कुटुंबाला विचारा आणि काम संपण्याच्या तारखेपर्यंत किमान चार महिन्यांचा पगार बचतीत शिल्लक ठेवा. हप्ते मिळत नसतील, तर प्रवेश पुढच्या तुकडीत घ्या.