पैसा भरपूर, नवरा वाईट नाही, तरी संसार नकोसा झालाय. काय करू?

ताई, 'मारत नाही, पीत नाही, मग तक्रार कसली?' हे मलाही आईने ऐकवलंय. मी मोठ्या फ्लॅटमध्ये दोन ताटं मांडून रात्री अकरापर्यंत वाट बघायचे. भात पार कडक व्हायचा.

निर्णय आजच नको. आधी फ्लॅटच्या कागदांवर नाव कुणाचं, लॉकर कुणाच्या नावावर, ते बघा. स्त्रीधन तुमचंच. (साडीची किंमत पाठ, खात्यातली शिल्लक नाही, मीही त्यातलीच!) संमतीने घटस्फोट घ्यायचा, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब प्रमाणे अर्जाआधी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं.

मी तिथवर गेले नाही. दुपारी मात्र एका वाचनालयाचे हिशेब लिहायला जाते, आणि रात्री नवऱ्याचं ताट झाकून आठलाच जेवते.