गाडी कमी चालली, तरी ऑइल जुनं होतंच

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी गेल्या ४ वर्षांत फक्त ८,५०० किलोमीटर चालली. मुलीला शाळेत सोडायचं आणि मंडईत जायचं, एवढंच. पुस्तिकेत १०,००० किलोमीटरला ऑइल बदला असं लिहिलंय, म्हणून बदललं नाही. आता इंजिन तापलं की सिग्नलला ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो, रेस केली की विझतो. नवीन ऑइल टाकून भागेल ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी गाडी उभी करा. हा दिवा ऑइल जुनं झालं म्हणून लागत नाही, ऑइलचं प्रेशर पडलं म्हणून लागतो. तापलेलं ऑइल पातळ होतं आणि थांबलेल्या गाडीत पंप हळू फिरतो, म्हणून तो नेमका सिग्नलला दिसतो. रेस केल्यावर विझला म्हणजे दुखणं गेलं असं नव्हे.

पुस्तिकेतली ती ओळ पूर्ण वाचा. बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत किलोमीटरच्या पुढेच ‘किंवा १२ महिने, जे आधी होईल ते’ असं असतं. दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत इंजिन पुरतं तापतच नाही. पेट्रोल जळताना झालेली पाण्याची वाफ आणि थोडं न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या कडेने चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाला ऑइल साठतं त्या भांड्यात उतरतं. लांबच्या प्रवासात ते तापून उडून जातं, तुमच्या गाडीत ते ऑइलमध्येच मुरतं. मळ धरून ठेवणारी, आम्ल मारणारी रसायनं ऑइलमध्ये असतात. ती संपली की गाळ धरायला लागतो.

एका निवृत्त शिक्षकांच्या गाडीचं इंजिन मी असंच खोललं होतं. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण काढलं, तर आत काकवी आटून तळाला लागावी तसा थर. चेंबर उतरवला, तर ऑइल ओढणाऱ्या नळीची जाळी निम्म्याहून जास्त बुजलेली. ऑइल मोजायच्या पट्टीवर ते पुरेसं दिसत होतं, पण वर चढत नव्हतं. क्रँक, म्हणजे इंजिनचा फिरता दांडा, ज्यावर टेकतो त्या बेअरिंगचे शेल (आतल्या पातळ वाट्या) घासून आतलं तांबं उघडं पडलं होतं. तीन-साडेतीन लिटर ऑइल आणि एक फिल्टर, एवढ्यासाठी इंजिन उतरवावं लागलं. “मी तर गाडी जपून वापरली हो,” एवढंच गुरुजी म्हणाले. ते खरंही होतं. म्हणूनच मला त्याचं जास्त वाईट वाटलं.

तुमचं इंजिन अजून वाचू शकेल. गाडी सपाटीला लावा, थंड झाल्यावर पट्टी बघा. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली असेल, तर पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचं घालून खुणेपर्यंत आणा. पातळी बरोबर असूनही दिवा लागत असेल, तर गाडी चालवत नेऊ नका, ओढून न्या. मेकॅनिकला प्रेशर गेज लावून मोजायला सांगा. कधीकधी नुसता सेन्सर बिघडलेला असतो आणि स्वस्तात सुटका होते.

प्रेशर खरंच कमी निघालं, तर फ्लश (गाळ सोडवणारं औषध) टाकून इंजिन धुवायला लावू नका. सुटलेला गाळ त्याच जाळीत जाऊन अडकतो. चेंबर उतरवून जाळी हाताने साफ करून घ्या, शेल बघून घ्या. नव्या ऑइलबरोबर फिल्टरही नवाच टाका. तुंबलेल्या फिल्टरचा बायपास व्हॉल्व्ह, म्हणजे आडवाटेची झडप उघडते आणि ऑइल न गाळताच पुढे जातं. हे नवं ऑइलही हजारभर किलोमीटरला काढून टाका, उरलेला मळ त्यात आलेला असेल.

तोवर मुलीला रिक्षाने शाळेत पाठवा.