घरफोडी झाली की पोलीस आधी ठराविक जमातींच्याच वस्तीत का जातात?

सवय जुनी आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. 1952 मध्ये तो रद्द झाला. त्याजागी राज्यांचे सराईत गुन्हेगार कायदे आले, संशय तसाच राहिला. आमच्या बडोद्यातही कडीकोयंडा तुटला की ठसे घ्यायच्या आधीच सोसायटीतले काका सांगून मोकळे, ‘चड्डी-बनियानवालेच!’ मग वस्तीतली पोरं उचलली जातात आणि घरातलाच माहीतगार निवांत सुटतो. मारून कबुली घेतली तरी पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, त्यामुळे केसही लटकी. 1998 मध्ये पश्चिम बंगालातल्या पुरुलियात अशाच एका जमातीतला बुधन सबर पोलिसांच्या मारहाणीनंतर कोठडीतच मेला. त्यानंतर विमुक्तांच्या, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या जमातींच्या हक्कांसाठी जे काम उभं राहिलं, त्यात भाषा-अभ्यासक गणेश देवींची बडोद्याची ‘भाषा’ संस्था पुढे होती. इथल्या किती जणांना हे ठाऊक असेल, देव जाणे.